फुंकणीने काढलेलं नाव

यंत्राने शिवन्या वाघमोडे हे नाव काढलं आणि खाली माझ्या सहीची चौकट उघडून दिली. मुदत बुधवारी सकाळी अकराची.

सतरा वर्षांची पोर आहे ती. जत तालुक्यातल्या मेंढपाळाच्या घरातली, पन्नास किलो गटात कुस्ती खेळणारी. तिचा गुन्हा एवढाच, की तिने श्वास घेतला आणि सोडला. तो सोडलेला श्वास तिच्या शेजारी झोपणाऱ्या ईश्वरी खोतच्या घशात गेला आणि ईश्वरी रविवारी दुपारी वारली. यंत्राच्या मते गोष्ट इथे संपते.

मी संजीवनी इंगवले. आरोग्य खात्यात श्वासतपासनीस आहे. माझ्या यंत्राचं सरकारी नाव चांगलं दीड ओळीचं आहे, पण आमच्या भागातल्या बायकांनी पहिल्याच दिवशी त्याला 'फुंकणी' म्हटलं आणि तेच राहिलं. नळीत दहा वेळा फुंकायचं. फुंकरीबरोबर घशातले बारीक थेंब आतल्या जाळीवर बसतात आणि त्यांत कोणते जंतू आहेत ते यंत्र चाळीस मिनिटांत सांगतं. खरी करामत पुढे आहे. जंतू वाढताना आपल्या जनुकांची नक्कल करत जातो आणि नक्कल करताना त्याच्या बारीक चुका होतात. एकाचा गृहपाठ दुसऱ्याने उतरवला की चुकाही जशाच्या तशा उतरतात, तसंच हे. चुका जुळवत गेलं की कोणाचा जंतू कोणाकडे गेला याचा वंशवृक्ष तयार होतो.

या वृक्षाचा मला अभिमान होता. साथ कुठून आली आणि कुठे चालली हे कळलं तर माणसं वाचवता येतात, यासाठी तो केला होता. पण तीन वर्षांपूर्वी संसर्ग उत्तरदायित्व कायदा आला आणि माझ्या तक्त्यात एक नवी चौकट उगवली. तिचं नाव 'उगमव्यक्ती'. मेलेल्या माणसाला जंतू ज्याच्याकडून आला, त्याचं नाव त्या चौकटीत. तपासनिसाची सही झाली की ते नाव सगळ्यांना दिसेल असं संकेतस्थळावर लागतं आणि त्या माणसाला पाच वर्षं वसतिगृह, शिबिर, संघ, तालीम सगळं बंद. सतराव्या वर्षी पाच वर्षं तालीम बंद म्हणजे पोरीचं काय होतं, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक नसेल. किंवा असेलही. दोन्हीपैकी कशाचा राग जास्त करावा ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि ही तालीम माझ्या सख्ख्या भावाची आहे.

*

बळवंत मगदूम, माझा आण्णा. माझं शिक्षण व्हावं म्हणून भर उमेदीत त्याने स्वतःची कुस्ती सोडली आणि दूध संघात नोकरी धरली. पुढे कृष्णाकाठच्या आमच्या गावात त्याने पोरींची तालीम काढली, तेव्हा सगळं गाव हसलं होतं. आज वीस पोरी तिथे राहतात. एका लांब पत्र्याच्या खोलीत, गादीला गादी लावून. दिवसभर एकमेकींच्या मानेला मान लावून झुंजायचं आणि मग एकमेकींच्या उशाला झोपायचं.

गेल्या पंधरवड्यातल्या शनिवारी त्यांच्यातल्या स्वरांजलीला ताप आला. सकाळी नुसतं डोकं दुखत होतं. दुपारी मान पुढे वाकेना आणि उजेड सोसेना. चार वाजता पायांवर जांभळे ठिपके दिसले. वहिनीने काचेचा पेला त्या ठिपक्यांवर दाबून पाहिला, कारण मी तिला कधीतरी ते शिकवलं होतं. साधं पुरळ असेल तर पेल्याखाली फिकं पडतं. हे पडलं नाही. वहिनीने कोणाला न विचारता गाडी काढली आणि पोरीला थेट मोठ्या इस्पितळात नेलं. त्या घाईमुळे स्वरांजली वाचली. उजव्या कानाने तिला आता ऐकू येत नाही, पण वाचली.

मेनिंजायटिस म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूवरच्या आवरणाला येणारी सूज. ती विषाणूंमुळे येते, क्षयाच्या जंतूमुळे येते, क्वचित बुरशीमुळेही येते. पण सकाळी धडधाकट असलेलं माणूस दुसऱ्या दिवशी तिरडीवर घालणारी जी जात आहे, ती बहुतेक वेळा मेनिंगोकॉकस नावाच्या जिवाणूची. लोकांच्या डोक्यात जे शिरता शिरत नाही ते असं, की हा जिवाणू दहातल्या एका निरोगी माणसाच्या नाकाघशात महिनोन् महिने मुकाट राहतो. ना ताप, ना खोकला. शरीराबाहेर तो फार टिकत नाही. तो जातो जवळिकीतून: एका खोलीत रात्री काढणं, तोंडाशी तोंड येणं, खोकला, शिंक, लाळ. आणि जातो तिथेही तो बहुतेकांना काही करत नाही. एखाद्याच्याच बाबतीत तो घशाची भिंत ओलांडून रक्तात उतरतो आणि तिथून मेंदूकडे जातो. त्या एकाच्याच बाबतीत का, हे विज्ञानाला अजून पुरतं कळलेलं नाही. ज्याच्याकडून तो आला त्याने काहीही केलेलं नसतं. त्याला स्वतःलाही तो असाच कोणाकडून तरी आलेला असतो.

लस होती. द्यायच्या यादीत सैनिकी शाळा होत्या, परिचारिकांची वसतिगृहं होती. पोरींची तालीम नावाची गोष्ट यादी करणाऱ्याच्या डोक्यातच नव्हती.

लस नाही तर नाही, औषध तरी होतं. एक पोर आजारी पडली की तिच्याबरोबर राहणाऱ्या सगळ्यांच्या घशातला जंतू ताबडतोब मारायचा असतो. या जातीवर नेहमीची एकदाच घ्यायची गोळी चालत नव्हती, म्हणून रिफाम्पिसिन. दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ. नियम असा, की प्रत्येकीने तपासनिसासमोर गोळी गिळायची आणि तपासनिसाने तिच्या नावापुढे खूण करायची.

सोमवारी मी गोळ्यांचा डबा घेऊन तालमीत गेले. आण्णा मॅटच्या कडेला उभा राहून पोरींना डाव दाखवत होता.

"ठेव तितं कोनाड्यात. मी देतो," तो म्हणाला.

"माझ्यासमोर घ्यायला पाहिजेत, आण्णा. नियम आहे."

"अगं, चार येळा येणार हाईस व्हय तू? तुला दुसरी गावं न्हाईत? माझ्या म्होरं पोरींची शिंकायची टाप न्हाई, गोळी न गिळून जातील कुठं?"

मी पोरींना गोळा करून सगळं समजावून सांगितलं. शेवटी म्हटलं, "दोन दिवस लघवी केशरी होईल. घामही. घाबरायचं नाही, तो औषधाचा रंग आहे." पोरी तोंडावर हात ठेवून हसल्या. आण्णा हसला नाही. त्याने फक्त "केशरी?" असं विचारलं. मी "हो" म्हटलं आणि वहिनीने हाक मारली म्हणून जेवायला गेले.

जेवता जेवता मी यादी पुढे ओढली. आजारी स्वरांजली सोडून एकोणीस नावं, प्रत्येकीपुढे चार खुणा. शहात्तर खुणा केल्या मी, वहिनीच्या हातची भाकरी खात, एकही गोळी कोणाच्या तोंडात जाताना न बघता. आण्णा भरवशाचा माणूस आहे, असं त्या वेळी मला वाटलं.

*

पुढच्या शनिवार-रविवारी राज्य संघासाठी निवड चाचणी होती. तालमीतल्या चौदा पोरी उतरणार होत्या. ईश्वरीने शनिवारी तिन्ही कुस्त्या जिंकल्या, रविवारी सकाळी तिची अंतिम कुस्ती होती. रविवारी सकाळी ती उठलीच नाही. इस्पितळात नेईपर्यंत अंगभर जांभळे डाग पडले होते. दुपारी दोन वाजता डॉक्टर बाहेर आले आणि ईश्वरीची आई भारतीताई त्यांच्याकडे बघून म्हणाली, "तिला भूक लागली असंल. काल संध्याकाळधरनं काय खाल्लं न्हाई तिनं." डॉक्टरांना ते वाक्य पूर्ण होऊ द्यावं लागलं.

सोमवारी मी उरलेल्या अठरा पोरींना फुंकायला लावलं. शिवन्याने नळी परत दिली आणि हळूच विचारलं, "आत्या, माझ्यामुळं झालं का?"

"कोण म्हणालं?"

"कुणी न्हाई. मीच तिची जोडीदार हुतो."

आमच्याकडच्या पोरी 'होतो'च म्हणतात. तिला मी म्हटलं, की असं काही नसतं. दुसऱ्या दिवशी यंत्राने तिचंच नाव काढलं.

निकाल मंगळवारी दहाला माझ्या पडद्यावर आला आणि बाराच्या आत गावात पोहोचला. कसा, ते विचारू नका. कार्यालयात माणसं असतात आणि माणसांच्या हातात फोन असतात. शिवन्याची गादी खोलीतून उचलून कोणीतरी बाहेर ओट्यावर टाकली. तिच्या बापाला जतला फोन गेला, "पोरगी घेऊन जा. आमची पोर मारली तिनं." एका गावाला दोन तासांत विज्ञान कळलं, तेही अगदी उलटं.

माझे साहेब डॉ. रेळेकर. वाईट माणूस नाही, घाईतला माणूस आहे.

"इंगवले मॅडम, वृक्ष स्वच्छ आहे. बाण शिवन्याकडून ईश्वरीकडे. सही करून टाका."

"आणि शिवन्याकडे कोणाकडून आला?"

"ते चौकटीत विचारलेलं नाही."

"सर, तिच्या घशात जंतू असायलाच नको होता. आठवडाभर आधी औषध दिलंय तिला."

ते वाक्य माझ्याच तोंडून निघालं. औषध दिलं होतं? मी दिलं होतं?

जागेवर परतून मी सगळे निकाल पुन्हा उघडले. या वेळी नावांकडे बघितलं नाही, जंतू जिवंत आहे की मेलेला ते बघितलं. फुंकणी जंतूचा आरएनए वाचते. आरएनए म्हणजे जिवंत पेशीने कामासाठी काढलेली चिठ्ठी. काम झालं की ती फाडून टाकली जाते. ताजी चिठ्ठी सापडली तर जंतू जिवंत. आणि रिफाम्पिसिन नेमकं काय करतं? जंतूचं हे चिठ्ठ्या लिहायचं यंत्रच बंद पाडतं. चार गोळ्या पोटात गेलेल्या पोरीच्या घशात ताज्या चिठ्ठ्या सापडणं जवळजवळ अशक्य.

अठरांपैकी नऊजणींच्या घशात ताज्या चिठ्ठ्यांचा नुसता खच पडला होता.

जंतू औषधाला दाद देईनासा झाला असेल म्हणून मी त्याचं जनुक तपासलं. तसा बदल कुठेच नव्हता. मग निवड चाचणीची यादी शेजारी ठेवली. नऊच्या नऊ पोरी त्या यादीत होत्या. वजन जास्त भरलं, हात दुखावला, वय बसलं नाही अशा कारणांनी ज्या पाचजणी चाचणीला उतरणार नव्हत्या, त्या पाचींचे घसे धुऊन काढल्यासारखे साफ.

मी गाडी काढली.

*

पोरी मॅटवर बसल्या होत्या, सराव बंद होता. शिवन्या एकटी ओट्यावर, गुडघ्यांत तोंड घालून. तिला आधी उठवून आत आणलं.

"एकच विचारते," मी म्हटलं. "खरं सांगायचं. गेल्या आठवड्यात केशरी कोणाची झाली होती?"

मग मागून एक हात वर झाला. मग आणखी चार. पाचच. बाकीच्या खाली बघत होत्या.

"तुमची का नाही झाली?"

शिवन्याच बोलली. "वस्ताद म्हणाले, चाचणी झाल्यावर देतो."

मी पिशवीतून नवीन पाकिटं काढली. भांडण नंतर. एकेकीला समोर बसवून गोळी गिळायला लावली, तोंड उघडायला लावून जिभेखाली बघितलं. तेरा पोरींना मिळून दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तेवढी दहा मिनिटं मला त्या सोमवारी नव्हती. भाकरी गार झाली असती ना!

आण्णा मागच्या खोलीत होता. कोनाड्यातला डबा त्याने माझ्यापुढे ठेवला. आत प्रत्येक पोरीच्या नावाची पुडी होती. चौदा पुड्या, नीट दोरा बांधलेल्या. फेकल्या नव्हत्या त्याने, जपून ठेवल्या होत्या.

"केशरी लघवी," तो म्हणाला. "बाटलीत घेत्यात ती, बाई. चाचणीवाला बाटली उजेडात धरून बघतोय. काय सांगणार हुतो त्याला? गौरीचं ठावं हाय न्हवं तुला?"

ठाऊक होतं. गौरी त्याची सगळ्यात चांगली पोर. खोकल्याच्या औषधात काहीतरी सापडलं म्हणून उत्तेजक चाचणीत अडकली आणि चार वर्षं बाद झाली. बापाने सहा महिन्यांत लग्न लावून दिलं. तेव्हापासून आण्णा पोरींना सर्दीलाही काढ्यापलीकडे काही देत नसे.

"आण्णा, हे औषध बंदी असलेल्या यादीत नाही. रंगाचा आणि उत्तेजकाचा काही संबंध नाही. एक फोन करायचा होतास मला. एक!"

"केला असता तर तू घ्याच म्हणाली असतीस."

मला वाटलं, डबा उचलून त्याच्या डोक्यात घालावा. त्याला उत्तर हवंच नव्हतं. उत्तर येईल या भीतीने त्याने प्रश्न विचारला नव्हता.

"ईश्वरीची पुडी यात आहे," मी म्हटलं. "वाच नाव. मोठ्यानं वाच."

त्याने वाचलं नाही. त्याचे डोळे भरले होते. मला कीव आली नाही. याच माणसाने मला खांद्यावरून शाळेत नेलं होतं हे मला आठवत होतं आणि तरीही आली नाही.

"पाच दिवसांचा तर सवाल हुता," तो म्हणाला. "मला काय ठावं, पाच दिवसांत..." मग डोळे पुसून वर बघितलं. "यंत्रानं त्या वाघमोडेच्या पोरीचं नाव काढलंय म्हणं."

"मग?"

"मी न्हाई काढलं. यंत्रानं काढलंय. तिचं वय बारीक हाय, पाच वर्षांनी बावीसची हुईल. माझं नाव आलं तर तालीम संपली. ह्या अठराजणी उद्या घरी जातील आणि परवा त्यांची लग्नं ठरतील. एकीपायी अठरा घालवू?"

"चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची?"

"चोर म्हनतीस मला?" आण्णा उभा राहिला. त्याचा आवाज चढला तशी बाहेरची कुजबुज थांबली. "आणि तू कोण गं? त्या कागदावर खुणा कुणाच्या हाईत? मी पडलो तर तूबी पडशील, संजे."

हे मात्र खरं होतं. गाडीपर्यंत मी रडत गेले. दुःखाने नव्हे. ज्याच्यावर हात उगारावा असा माणूस घरातच आहे आणि त्याच्यामागे उभी मीच आहे, या संतापाने.

*

बुधवारी साडेदहाला मी रेळेकर साहेबांपुढे दोन कागद ठेवले. एकावर नऊ आणि पाचचा हिशेब, दुसऱ्यावर माझ्या शहात्तर खोट्या खुणांची कबुली. साहेबांनी दोन्ही वाचले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"दुसरा कागद घरी न्या," ते हळू आवाजात म्हणाले. "मी पाहिला नाही. तुम्ही निकालावर 'नमुना दूषित' असा शेरा मारा. यंत्र प्रकरण आपोआप बंद करतं. शिवन्या सुटली, तुमचा भाऊ सुटला, तुम्ही सुटलात. मलाही वर तोंड द्यावं लागणार नाही."

खोटं कशाला सांगू, माझं बोट त्या शेऱ्यापर्यंत गेलं. आण्णाच्या तालमीतल्या अठरा पोरी डोळ्यांपुढे आल्या. माझी बावीस वर्षांची नोकरी आली. मग ओट्यावर टाकलेली ती गादी आली. यंत्रातून नाव निघून जाईल, पण गावाच्या तोंडातून कसं जाणार? 'वरून दाबलं' म्हणतील आणि ती पोर जन्मभर ईश्वरीला मारणारी म्हणून फिरेल. आणि उद्या दुसऱ्या एखाद्या तालमीतला वस्ताद केशरी रंगाला घाबरून गोळ्या कोनाड्यात ठेवील, कारण या तालमीत काय झालं ते त्याला कोणी सांगितलेलंच नसेल.

मी चौकटीत 'बळवंत मगदूम' टाइप केलं. यंत्राने लाल अक्षरांत उत्तर दिलं: या व्यक्तीच्या घशात जंतू आढळल्याची नोंद नाही. मग माझं नाव टाइप केलं. तेच उत्तर. बघा, काय कायदा आहे! ज्याने श्वास घेतला त्याचं नाव चालतं; ज्याने औषध अडवलं आणि जिने डोळे मिटून खुणा केल्या, त्यांची चालत नाहीत.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं. "शेराही मारणार नाही. माझ्या सहीशिवाय तिचं नाव लागत नाही. हे दोन्ही कागद आवक नोंदवहीत चढवा, नाहीतर मी बाहेर जाऊन शिपायाकडून शिक्का मारून घेते."

"निलंबन होईल, मॅडम. चौकशी होईल. भावावर गुन्हासुद्धा दाखल होईल."

"होऊ दे."

त्यांनी घंटा वाजवून नोंदवही मागवली. सांगितलं ना, वाईट माणूस नाही. माझं निलंबन मात्र त्यांनी त्याच पेनाने लिहिलं.

*

दुपारी तालमीच्या अंगणात पंचवीस-तीस माणसं जमली होती. शिवन्याचा बाप जतहून आला होता आणि तिची पत्र्याची पेटी टेम्पोत ठेवत होता. भारतीताई दारातच बसली होती. ईश्वरीचे कपडे न्यायला आली होती, असं वहिनीने सांगितलं. ती शिवन्याकडे बघत नव्हती आणि शिवन्या तिच्याकडे. आण्णा खांबाला टेकून उभा होता.

मी कोणाला खाली बसा म्हटलं नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. जंतू कसा राहतो, कसा जातो, वाहकाचा त्यात दोष का नसतो. गोळ्या कधी आल्या, कोनाड्यात का राहिल्या. मी काय केलं, तेही. "ही पोर तिच्या शेजारी झोपली, एवढंच हिने केलं. मारलं असेल तर ते वस्तादांनी आणि मी मिळून," असं म्हटलं तेव्हा मागून कोणीतरी "भावाला गिळलं की हिनं!" असं म्हणालं. म्हणू दे.

भारतीताईने विचारलं, "गोळ्या घेतल्या असत्या तर जगली असती का, ताई?"

विज्ञानाचं उत्तर 'बहुतेक' असं आहे. मला ते तोंडातून काढता आलं नाही. मी "हो" म्हटलं.

ती उठली. मला वाटलं, आता ती माझ्या थोबाडीत मारणार, आणि मी हलले नाही. पण ती माझ्यावरून पुढे गेली, टेम्पोपाशी. शिवन्याने पेटीची कडी घट्ट धरली.

"तू तिच्या शेजारी झोपायचीस न्हवं?" भारतीताई म्हणाली. "शनवारी रात्री काय बोलली गं ती? शेवटचं काय बोलली? मी नव्हतो तितं. मला कुणी सांगंना."

बापाने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"म्हणाली, डोकं लई दुखतंय," शिवन्या म्हणाली. "मान हलंना म्हणाली. मी म्हटलं, वहिनींना उठवतो. तर माझा हात धरला. म्हणाली, नको. वस्ताद उद्याच्या कुस्तीतनं काढतील. वस्तादांना सांगू नको."

त्या रात्रीच्या आठच दिवस आधी याच लक्षणांवर वहिनीने गाडी काढली होती आणि पोर वाचली होती, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

भारतीताईने शिवन्याचं डोकं आपल्या छातीशी धरलं. धरूनच ती आण्णाकडे वळली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"वस्ताद, माझी पोर मरायला लागली हुती. तवाबी तिला तुमचीच भीती वाटत हुती. काय करत हुता तुम्ही पोरींना?"

आण्णाने माझ्याकडे बघितलं. लहानपणापासून अडचणीत सापडला की तो माझ्याकडेच बघायचा आणि मी काहीतरी बोलून वेळ निभावून न्यायचे. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि त्याच्या वतीने एक शब्दही बोलले नाही.